टबाची उंची

परळीत राहणाऱ्या माणसाला आंघोळीचा आळस परवडत नाही. एक तर गाव वैद्यनाथाचं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आमच्याकडे आहे. (झारखंडातले देवघरचे लोक या बाबतीत आमच्याशी वाद घालतात. ते जितके ठाम आहेत तितकेच आम्हीही आहोत, त्यामुळे वाद मिटण्याची काळजी नाही.) आणि दुसरं कारण म्हणजे थर्मल. १९७१ साली ३० मेगावॉटचा पहिला संच इथं सुरू झाला. तेव्हापासून महाराष्ट्राला वीज मिळू लागली आणि आम्हाला राख. दोरीवर वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी काढलं की ते करड्या रंगाचं निघायचं. माझे वडील त्याच थर्मलमध्ये नोकरीला होते. घरी आले की चहाच्या आधी आंघोळ. आई म्हणायची, ‘‘आधी तुमचा चेहरा दिसू द्या, मग चहा टाकते.’’

तेव्हाचं आमचं न्हाणीघर म्हणजे शहाबादी फरशीची एक मोरी, कोपऱ्यात तांब्याचा बंब, शेजारी घंगाळ आणि मध्ये एक पाट. पाटावर बसायचं, तांब्यानं पाणी घ्यायचं, ‘हर हर गंगे’ म्हणायचं आणि बाहेर यायचं. गंगा जवळपास कुठंही नव्हती, पण तक्रार कुणाची नव्हती. या सगळ्या व्यवहारात ‘उंची’ हा शब्द कधीच आला नाही. पाट दोन इंच, घंगाळ फूटभर आणि आई तेव्हा तिशीची. सगळं मापात होतं.

गेल्या पाच-सहा वर्षांत माप बिघडलं ते आईच्या गुडघ्यांमुळे. पाटावर बसता यायचं, उठता यायचं नाही. मग प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. एका सकाळी ते स्टूल ओल्या फरशीवर सरकलं आणि आई पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण आंघोळीची भीती काही निघेना. ती दार लोटून घ्यायची, आतून पाण्याचा आवाज यायचा आणि दहा मिनिटांनी बाहेर यायची. एकदा सौ.नं तिचा पंचा हाताळून पाहिला. कोरडा होता. नुसता नळ सोडून ती आत उभी राहत होती.

हे मला सौ.नं रात्री सांगितलं. नंतर बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांना कोमट पाण्याचा शेक चांगला, कंबरेपर्यंत पाण्यात बसता आलं तर उत्तमच. हे ऐकताच सौ.च्या चेहऱ्यावर जे तेज चढलं त्याचं मूळ आमच्या महाबळेश्वरच्या सहलीत आहे. तिथल्या हॉटेलात बाथटब होता. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या टबात कपडे भिजत घालण्यापलीकडे काही केल्याचं मला आठवत नाही, पण तिच्या मनात तो टब तेव्हापासून भरून ठेवलेला होता. सासूच्या गुडघ्यांसाठी टब मागणारी सून जगात एकच असेल आणि ती माझ्या वाट्याला आली, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

दुकानदारानं विचारलं, ‘‘साहेब, उंची किती?’’

मी रंगाचा विचार करून गेलो होतो. लांबीही मोजून नेली होती. उंचीचं मला काहीच माहीत नव्हतं.

‘‘म्हणजे चौदा-पंधरा इंची आहे, वीस इंची आहे, सुटा पायावाला घेतला तर बावीस-चोवीसपर्यंत जातो.’’

‘‘विचार करून कळवतो,’’ मी म्हणालो. बँकेत वीस वर्षं हे वाक्य मी कर्ज मागणाऱ्यांना ऐकवत आलो आहे. स्वतःवर पाळी आल्यावर ते किती केविलवाणं आहे ते कळलं.

मी वाणिज्य शाखेचा. आमच्या शास्त्रात प्रत्येक नोंदीला मागची नोंद असते. आज टबाची उंची किती असावी हे ठरवायचं, तर आजवर ती किती होती हे बघायला हवं. चुकलेला ताळेबंद मागं मागं जाऊनच सापडतो. तेव्हा मी मागं जायचं ठरवलं आणि एकदम साडेचार हजार वर्षं मागं गेलो. मागं जायचंच तर मध्ये कशाला उतरायचं?

मोहेंजोदडोचं ते प्रसिद्ध महास्नानगृह. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जास्तीत जास्त २.४ मीटर खोल. पक्क्या विटांचं, आणि पाणी झिरपू नये म्हणून डांबरासारख्या पदार्थाचा थर दिलेलं. उतरायला दोन्ही टोकांना पायऱ्या. हे वाचून अभिमान वाटला, पण उपयोग झाला नाही, २.४ मीटरमध्ये आई बुडेल. मला जास्त बरं वाटलं ते तिथल्या साध्या घरांबद्दल वाचून. घरोघरी न्हाणीसाठी विटांची घट्ट बसवलेली फरशी, तिला उतार, आणि पाणी बाहेरच्या गटारात. म्हणजे मोरीच की! साडेचार हजार वर्षं आपण मोरीत आंघोळ करतो आहोत आणि मध्येच महाबळेश्वरला जाऊन बिघडलो आहोत.

टब आपल्याकडे नव्हताच असं मात्र नाही. चरकसंहितेत घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यांतला एक अवगाहस्वेद. औषधी काढा, दूध, तेल किंवा तूप भरलेल्या भांड्यात रोग्याला बसवायचं. तूप! सौ.ला मी हे मुद्दाम वाचून दाखवलं नाही. आणि रामायणात तैलद्रोणी आहे, म्हणजे तेलानं भरलेली द्रोणी, चांगली माणूस मावेल एवढी. पण तिच्यात कोण? तर दशरथ, आणि तोही गेलेला. भरत आजोळाहून परत येईपर्यंत देह टिकावा म्हणून त्यात ठेवलेला. आईला रामायण पाठ आहे. टबाची कल्पना तिच्यापुढं मांडली तेव्हा ती पहिल्यांदा हेच म्हणाली, ‘‘मला तेलात ठेवायलाव का रे?’’

तिकडं ग्रीसच्या क्रीट बेटावर नॉसस इथं राणीच्या महालात भाजक्या मातीचा टब सापडला. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. लांबीला आखूड, आत पाय पसरता येत नाहीत, बसूनच आंघोळ. राणीचे गुडघे कसे होते याचा उल्लेख नाही. पण त्याच बेटावर अगदी टबाच्याच आकाराच्या मातीच्या पेट्या मृतांना पुरण्यासाठीही वापरत असत. दशरथ इथंही आहेच. आईला हे सांगितलं नाही.

मग आर्किमिडीज. त्याची गोष्ट शाळेत सगळ्यांनी ऐकलेली आहे : राजा हिएरोचा मुकुट, टबातून सांडलेलं पाणी, आणि शास्त्रज्ञाचं नागव्यानं रस्त्यावर पळणं. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती व्हिट्रूव्हियस नावाच्या रोमन वास्तुशास्त्रज्ञाच्या ग्रंथातून, आणि तो आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी झाला. तेव्हा पळण्याचं सोडून देऊ. मला खटकतं ते वेगळंच. बसल्याबरोबर पाणी बाहेर सांडलं, म्हणजे टब काठोकाठ भरलेला होता! आर्किमिडीज परळीचा असता तर त्याला घनतेच्या आधी बायकोनं गाठलं असतं.

घराच्या थोडं जवळ येऊ. आमच्या परळीपासून फार लांब नाही असं कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तिथं राज्य करणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ लिहिला. राजानं भोगायचे वीस उपभोग त्यात क्रमानं सांगितले आहेत, आणि घराच्या पाठोपाठ स्नान आहे. तांबूल, वस्त्र, अलंकार, एवढंच काय, अन्नसुद्धा त्याच्या मागून. मला हा राजा आवडला. आमच्या घरी न्हाणीघराचा नंबर नेहमी शेवटी लागायचा, स्वयंपाकघराच्या ओट्यावर पैसे संपल्यावर.

पुढं हमाम आले. दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे, बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातही आहे. पण आंघोळीच्या खोलीला सर्वांत मोठा मान दिला तो मोगलांनी. बादशहाच्या हमामाजवळच्या खाजगी दालनात निवडक लोकांचा दरबार भरायचा, म्हणून त्या दिवाण-ए-खासलाच गुसलखाना म्हणू लागले. १२ मे १६६६ रोजी आग्र्याला शिवाजी महाराज औरंगजेबासमोर उभे राहिले ते या दिवाण-ए-खासमध्ये. तिथं त्यांना मागच्या रांगेत उभं केलं आणि पुढं काय झालं ते सांगायला नको. नुसत्या न्हाणीघराच्या नावाच्या दालनात माणसाला कुठं उभं केलं यावरून इतिहास फिरतो; मग आईला पडावं लागलं त्या न्हाणीघरात कुठं बसवायचं याचा विचार मी महिनाभर केला तर काय बिघडलं, असं मी सौ.ला विचारलं. ती म्हणाली, ‘‘महिना झाला, तेच बिघडलं.’’

साहेबाच्या काळात टब आला तो पत्र्याचा. न्हाणीच्या खोलीत एका कोपऱ्यात बुटका कठडा, त्यात टब ठेवायचा, भिश्त्यानं मशकीतून पाणी आणायचं, आणि आंघोळ झाली की टब तिथंच उपडा. म्हणजे टब साहेबाचा, पण मोरी आपलीच.

युरोपातला प्रसिद्ध टब मारा या फ्रेंच क्रांतिकारकाचा. त्याला त्वचेचा आजार होता, म्हणून तो तासन् तास पाण्यात बसून, पुढं फळी घेऊन लेखन करायचा. १३ जुलै १७९३ रोजी शार्लोट कोर्दे ही बाई भेटायला आली आणि तिनं त्याला टबातच सुरा खुपसला. दाविदनं काढलेलं ते चित्र आपण पाहिलेलं असतं. टबात बसलेल्या माणसाला चटकन उठता येत नाही, हा धडा मी त्यातून घेतला आणि वहीत ‘हाताला धरायला दांडा’ असं लिहून ठेवलं. त्या चित्राकडं पाहून असं काही लिहिणारा मी बहुधा पहिलाच.

आजचा टब म्हणजे ओतीव लोखंडावर एनॅमलचा मुलामा. तो अमेरिकेत १८८३ साली जॉन मायकेल कोहलर या कारखानदारानं काढला, असं कोहलर कंपनी सांगते. आणि कशापासून? गुरांना पाणी पाजायच्या, डुकरं सोलण्याआधी उकळत्या पाण्यात घालायच्या डोणीपासून. त्याच डोणीला मुलामा दिला, चार पाय लावले आणि टब म्हणून विकली. तेव्हा उंची ठरली ती कुणाच्या सोयीनं ते आपणच समजून घ्यावं. त्याच सुमारास लोखंडाला असा मुलामा देण्याची एक रीत शोधणारा दुसरा माणूस डेव्हिड ब्यूक. त्यानं पुढं न्हाणीघराचा धंदा विकला आणि मोटारी काढल्या. ब्यूक गाडी ती हीच. मोटारीची उंची त्यानं बरोबर काढली, कारण तिच्यात चढायला पायरी होती.

एक कबुली द्यायला हवी. या वाचनात मला एक फार सुंदर लेख सापडला होता. अमेरिकेतला पहिला बाथटब सिनसिनाटी शहरात २० डिसेंबर १८४२ रोजी बसवला, डॉक्टरांनी त्याला विरोध केला, मग अध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब आणला आणि तो प्रतिष्ठित झाला. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. दोन दिवसांनी कळलं की ही सबंध हकीकत एच. एल. मेंकेन या पत्रकारानं १९१७ साली गंमत म्हणून रचली होती. लोकांनी ती खरी धरली, पुस्तकांत छापली. शेवटी १९२६ साली त्यानं स्वतः जाहीर केलं की मी थाप मारली, तरी लोक ती सांगतच राहिले. ही नोंद मी खोडली, पण तिच्यावर गेलेले दोन तास कुठल्या खात्यात टाकावे ते अजून कळलेलं नाही.

तर इतका इतिहास वाचूनही उंचीबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. अध्यक्ष टाफ्ट साहेबांसाठी १९०९ साली बोटीवर बसवलेल्या टबात चार माणसं बसलेला फोटो आहे. म्हणजे तिथंही लांबी-रुंदीचंच कौतुक. अखेर सापडले ते अलेक्झांडर किरा. कॉर्नेल विद्यापीठातले. या गृहस्थांनी माणूस न्हाणीघरात वाकतो कसा, बसतो कसा, हात कुठं टेकतो, हे वर्षानुवर्षं मोजलं आणि १९६६ साली ‘द बाथरूम’ नावाचं पुस्तक काढलं. भांडं माणसाच्या मापानं हवं, माणूस भांड्याच्या मापानं नव्हे, हा त्यांचा रोख. मी वही मिटली. माणूस तर माझ्या घरातच होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी माळ्यावरून माझी बी.कॉम.ची पुस्तकं काढली. ॲडव्हान्स्ड अकाउंटन्सी, कॉस्टिंग, ऑडिटिंग, मर्कंटाईल लॉ. एकेक अडीच इंच जाड. पदवीनंतर इतक्या वर्षांनी त्यांचा पहिल्यांदाच काही उपयोग होणार होता. भिंतीला लागून ती रचली आणि आईला म्हटलं, ‘‘ओलांडून दाखव.’’

‘‘पुस्तकाला पाय लावू?’’

‘‘लावायचा नाही, वरून न्यायचा.’’

आधी नमस्कार करून तिनं चार पुस्तकं सहज ओलांडली. पाच, भिंतीला हात लावून. सहाव्याला, म्हणजे पंधरा इंचांना, माझा खांदा धरला. सातवं ठेवलं तेव्हा थांबली. ‘‘मी काय उंटावर चढायलेय का?’’

म्हणजे पंधराच्या आत. पण पंधरा इंची टबात पाणी किती? तळाखाली सांडपाण्याच्या जोडणीला चार-एक इंच जातात, वरच्या भोकापाशी दोन-तीन इंच कमी, उरलं आठ-नऊ इंच पाणी. गुडघे भिजतील, कंबर कोरडी. उंची कमी करावी तर शेक मिळत नाही, वाढवावी तर पाय जात नाही. जपानी लोकांचा टब तर खांद्यापर्यंत पाणी येईल एवढा खोल असतो. ते बाहेर स्वच्छ आंघोळ करून मग आत बसतात आणि सगळं घर तेच पाणी वापरतं. पाण्याचा हा हिशोब मला फार पटला, पण आई म्हणाली, ‘‘तुमच्या पाण्यात मी? आणि माझ्या पाण्यात तुम्ही?’’ विषय संपला.

तोड काढली ती आमच्या गवंड्यानं. त्यानं बराच वेळ पुस्तकांच्या थप्पीकडं आणि आईकडं बघितलं आणि विचारलं, ‘‘मालक, म्हातारी पलंगावर कशी जाती?’’

‘‘बसते आणि पाय वर घेते.’’

‘‘मग टबात उडी कामून मारायला लावायलेत?’’

पलंग मोजला. सतरा इंच. खुर्ची मोजली. सतराच्या आसपास. (अमेरिकेत अपंगांसाठी टबाला जोडून जी बैठक करतात तिची उंचीही १७ ते १९ इंच ठरवलेली आहे. कायद्यानं ठरवायला त्यांना किती वर्षं लागली असतील! आमच्या गवंड्यानं विडी संपायच्या आत ठरवलं.) वीस इंची टब घ्यायचा, फरशी खोदून तीन इंच खाली बसवायचा, म्हणजे काठ सतरावर येतो आणि आतला तळ बाहेरच्या फरशीच्या खाली जात नाही. शेजारी काठाच्याच पातळीला दीड फूट रुंद कट्टा. कट्ट्यावर बसायचं, दांडा धरायचा, एकेक पाय आत घ्यायचा. ओलांडणं नाहीच. कट्ट्याला विटा राखेच्या, थर्मलच्याच. वडिलांनी आयुष्यभर अंगावरून धुऊन काढली ती राख अशी परत न्हाणीघरात आली.

टब बसला आणि उन्हाळा लागला. टब भरायला दोनशे लिटर पाणी लागतं, म्हणजे पंधरा लिटरच्या तेरा बादल्या, आणि आमच्या आळीत नळ चार-पाच दिवसांनी. आम्ही परळीकर पाण्याच्या बाबतीत भाबडे नाही. २०१३ साली पाण्याअभावी थर्मलचे संच बंद पडले होते. तेव्हा कपड्यांवर राख नव्हती आणि धुवायला पाणीही नव्हतं. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सवय म्हणून भागाकार केला : अडीच हजार टब. अशा मुलखात टब भरून त्यात बसायचं म्हणजे लग्नात जेवण वाढल्यावर ताटात हात धुण्यासारखं.

त्यामुळे नळ आला की टब काठोकाठ भरायचा, वर फळी टाकायची, आणि चार दिवस घरानं त्यातून पाणी काढायचं. टबाचा हौद झाला. आई कट्ट्यावर बसायची आणि टबातून तांब्यानं पाणी घेऊन बाहेर मोरीत आंघोळ करायची. सतरा इंच उंचीवर तांब्या अगदी न वाकता बुडतो हे मला तेव्हा कळलं. ते कुठल्याच पुस्तकात नाही. पंचा मात्र ओला निघू लागला. सौ. तो दोरीवर टाकताना मुद्दाम माझ्यासमोर पिळायची.

महाबळेश्वराचं नाव तिनं एकदाही काढलं नाही.

पावसाळा चांगला झाला. वाण धरणात पाणी आलं, नळ दिवसाआड येऊ लागला. नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला सौ.नं टब घासून काढला, गीझरचं आणि नळाचं पाणी मिसळून कोपरानं बघितलं. मी आईला तेल लावून दिलं. ती कट्ट्यावर बसली, दांडा धरला, उजवा पाय आत, मग डावा. थोडा वेळ तशीच काठावर. मग ‘हर हर गंगे’ म्हणून खाली सरकली.

आम्ही दोघं दाराबाहेर उभे. आतून काहीच आवाज नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बाहेर पोरांनी पहिला फटाका लावला.

‘‘आई?’’ मी म्हटलं.

‘‘काय रे?’’

‘‘बरं आहे ना?’’

‘‘उटणं बाहेरच राहिलंय,’’ आई म्हणाली. ‘‘तिला आत पाठव. आणि तू जा, घाई करू नको.’’